सगळ्यांत टपोरा ठिपका

"थांब म्हटलं की थांबायचं, एवढी साधी अक्कल नाही मेल्यांना!"

मुंगी हे माणसांना म्हणत नव्हती. ती गरम पाण्याच्या टाकीवर वाकून आत डुलणाऱ्या काचेच्या चंबूला म्हणत होती, आणि चंबूत होते जिवाणू. खोली इतकी अरुंद की दोघींना पाठीला पाठ लावून काम करावं लागे. त्यामुळे तिची बारीकशी कुरकुरही मावशीला ऐकावीच लागे.

"अगं, कान नसतात त्यांना," मावशी नळ्या विसळता विसळता म्हणाली.

"तुला तरी आहेत का? सकाळपासून विचारतेय, थर्मामीटर बदललास का."

"दोनदा बदलला. आता तिसरा गिळून बघू का?"

एरवी एवढ्यावर मुंगी खी खी करून हसली असती. आज तिने नुसता वहीत आकडा टाकला, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि पुढचा नमुना काढायला पुन्हा वाकली. हाच प्रयोग ती अकरा दिवस करत होती. बेचाळीस अंश, दर वीस मिनिटांनी एक नमुना, मग मायक्रोस्कोप. शुक्रवारी चार वाजेपर्यंत उत्तर पाठवायचं होतं आणि आज मंगळवार उजाडला होता.

मुंगी म्हणजे मावशीच्या सख्ख्या बहिणीची मुलगी. हे नाव तिच्या पीएचडीच्या सरांनी पाडलेलं, कारण ती कधी रिकाम्या हाती चालताना दिसत नसे. आणि मुंगी मावशीला मावशी म्हणते म्हणून सगळा मजला तिला मावशी म्हणू लागला. सरसुद्धा, जे तिच्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठे होते. मावशी या प्रयोगशाळेत आली ती काचा धुवायला. बावीस वर्षांत ती जिवाणूंचं खाणं शिजवायला शिकली, ते झाकणाच्या चपट्या प्लेटांत ओतायला शिकली, आणि पुढे उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरमधला सगळा साठा तिच्या ताब्यात आला. कॉलेजचं तोंड तिने पाहिलं नव्हतं. पण सर फळ्यावर शिकवत आणि ही मागे काचा पुसत ऐके, आणि ऐकलेलं आपल्या भाषेत लावून घेई.

तिच्या भाषेत ते असं होतं. जिवाणूच्या पोटात एकच लांबलचक दोरी असते, दोन धाग्यांची, पीळ घातलेली, टोकं जोडून गोल केलेली. एकाचे दोन व्हायचे तर आधी त्या दोरीची नक्कल व्हायला हवी. पण ती वाटेल तिथून सुरू होत नाही. दोरीवर एक ठरलेली जागा असते. तिथे सुरुवात करून देणारं एक प्रथिन येऊन बसतं, मग दुसरं, मग तिसरं, आणि पुरेशी गर्दी जमली की तेवढ्या जागेचा पीळ सैल होतो. सैल झाला की झालं, नक्कल धावत सुटते. एकदा सुटली की मध्ये विचार बदलायला वाव नाही. म्हणून जी काही राखण ठेवलेली आहे ती सगळी सुरुवातीच्या दाराशी.

मुंगीच्या जिवाणूंमध्ये हेच प्रथिन दोरीवरच्या मजकुरातल्या एका अक्षराच्या चुकीने लंगडं होतं. तीस अंशांवर ते लंगडत का होईना काम करी. बेचाळीसवर मात्र हात टेकी. चालू असलेल्या नकला पुऱ्या होत, नवी एकही सुरू होत नसे, आणि बिचारे जिवाणू फुटून दोन न होता नुसते दोऱ्यासारखे लांब होत जात. निदान पुस्तकात तसं लिहिलं होतं.

मुंगीचे लांब झाले नाहीत. आखूड, गुबगुबीत राहिले आणि बेचाळीस अंशांवरही एकाचे दोन, दोनाचे चार होत राहिले. पहिल्या वर्षाच्या शेवटी तिला हे दिसलं तेव्हा सरांनी अख्ख्या मजल्याला चहा पाजला होता. "सुरुवात करायला दुसरं दार आहे!" असं म्हणत ते प्रत्येकाच्या टेबलापाशी जाऊन आले. पुढची चार वर्षं मुंगी ते दुसरं दार शोधत होती. तिचा प्रबंध म्हणजे ते दार, सर चार महिन्यांनी निवृत्त होणार त्याआधीचा शेवटचा पेपर म्हणजे ते दार. पेपर स्वीकारला गेल्याशिवाय प्रबंध घेत नाहीत, आणि प्रबंधाला दोनदा मिळालेली मुदतवाढ या महिन्याअखेर संपत होती. तिसरी द्यायची पद्धत नव्हती. मग पाच वर्षं काय केलं, असं कुणी विचारलं तर मुंगीकडे दाखवायला फक्त चष्म्याचा वाढलेला नंबर उरणार होता.

अकरा दिवसांपूर्वी नियतकालिकाकडून पेपर तपासणाऱ्याचं पत्र आलं. सरांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. हे मूळ जिवाणू आमच्याकडेही आहेत, आमचे तासाभरात थांबतात, तुमचे का थांबत नाहीत? आमच्याकडे सदतीस अंशांवर त्यांचे ठिपके टाचणीच्या डोक्याहून मोठे होत नाहीत, तुमच्या चित्रात ते भरघोस दिसतात, ते कसे? आणि शेवटी, सध्या वापरात असलेल्या साठ्यातलं ते अक्षर पुन्हा वाचून घेतलं आहे का?

"हं, हे आपण पहिल्याच महिन्यात वाचून घेतलं होतं," सर म्हणाले. "तोच कागद जोडू."

सरांनी चष्मा पुसायला घेतला. मुंगीने पेनाचं टोपण काढलं आणि लावलं. अक्षर वाचून आणायला दोन दिवस लागतात, तळमजल्यावरच यंत्र आहे, हे तिघांनाही माहीत होतं. आणि तरी थर्मामीटर बदलू, पाणी बदलू, मीठ नव्याने वजन करू, सगळं निघालं, तेवढं एक निघालं नाही.

टाचणीच्या डोक्याएवढे, हे शब्द कानावर पडले आणि मावशीला मात्र साडेचार वर्षांपूर्वीचा एक शनिवार लख्ख आठवला.

मुंगीच्या वडिलांचं हृदयाचं ऑपरेशन होतं. पोर प्लेटा तयार करून, त्या तीस अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवून घाईने गावी गेली. शनिवारी मावशी सहज डोकावली तर इन्क्युबेटर बंद, आतून गार. दुरुस्ती करणारा सोमवारशिवाय येणार नव्हता. प्लेटा वाया गेल्या तर मुंगीचा आठवडा जाणार, आणि तो आठवडा तिच्या नशिबी आधीच वाईट होता. मावशीने प्लेटा उचलल्या आणि शेजारच्या सदतीसच्या इन्क्युबेटरमध्ये सरकवल्या. थोडं गरम होईल, पण बाहेर कुडकुडण्यापेक्षा बरं, हा तिचा हिशेब. रविवारी झाकण उघडलं तर प्लेटभर बारीक बारीक केविलवाणे ठिपके आणि मधोमध एक टपोरा, चकचकीत. एकेक ठिपका म्हणजे एकेका जिवाणूचा अख्खा गोतावळा. एवढ्या रोगट गोतावळ्यांत हा एक पठ्ठ्या कसा धरून राहिलाय, असं वाटून तिला कौतुकच वाटलं. साठा करायचा तर धडधाकटाचा करावा, असं तिच्या हाताने ठरवलं. तारेच्या कडीने तो उचलला, वाढवला, बारा नळ्यांत भरून गोठवला. वर नीटनेटकेपणाची हौस! जुनी मूळ नळी तळाशी आली होती, ती टाकून दिली. मुंगी परत आली तेव्हा सगळं तयार. पोरीने गळ्यात हात टाकून रडून घेतलं होतं. वडील वाचले होते आणि कामही वाचलं होतं.

लंगड्यांच्या गर्दीत एखादा पळताना दिसला तर तो लंगडा नसतो. एवढं कळायला मावशीला साडेचार वर्षं आणि एका परक्या माणसाचं पत्र लागलं. ते एक अक्षर त्याच्यात आपोआप पूर्ववत झालं असणार. असं कोटींत एकदा होतं, आणि प्लेटवर कोटींनी असतात.

हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. रोज सकाळी आज सांगू म्हणून निघायची आणि मुंगीचा ओढलेला चेहरा पाहिला की मूग गिळून बसायची.

त्या मंगळवारी मुंगी जेवायला गेली तशी मावशीने फ्रीझर उघडला. जाड हातमोजे घालून चाळीस खोकी एकेक करून बाहेर काढली, बर्फ खरवडून चिठ्ठ्या वाचल्या. न जाणो, मूळ नळी टाकली असं आपल्याला वाटतंय, पण कुठे कोपऱ्यात ढकलली असेल. हातमोज्यातही बोटं बधिर झाली, मग दुखू लागली, मग दुखायचीही थांबली. नळी नव्हती. टाकताना तिने कधी अर्धवट टाकलं नव्हतं, हीच तर पंचाईत.

मग तिने दुसरा मार्ग धरला. बारा नळ्यांपैकी चार उरल्या होत्या. चारही नळ्यांतलं थोडं थोडं घेऊन तिने दहा प्लेटांवर पसरलं आणि सदतीसवर ठेवलं. टपोऱ्याबरोबर कडीला एखादा लंगडा चिकटून आला असेल, एक जरी असला तरी पुरे. त्याला वाढवता येईल, मुंगीला म्हणता येईल, हे घे, पुन्हा कर. महिन्याअखेर? त्याचं बघू.

संध्याकाळी सात वाजता नेहमीप्रमाणे बहिणीचा फोन आला. मुंगी मावशीकडेच राहायची, बाहेरच्या खोलीत, पुस्तकांच्या आणि वाळत घातलेल्या कपड्यांच्या मध्ये. फोन मावशीने उचलला.

"झालं का गं तिचं?"

"होतंय."

"गेल्या वर्षीपण होतंयच म्हणालीस. हे विचारतात रोज. म्हणतात, माझ्या डोळ्यांदेखत पोरीच्या नावापुढे डॉक्टर लागू दे."

"त्यांना म्हणावं आधी गोळ्या वेळेवर घ्या."

"तू आहेस म्हणून मला घोर नाही बघ. तिथे तिचं कोण आहे तुझ्याशिवाय?"

मावशीने फोन ठेवला. नवरा लिफ्टची कामं करून थकून आला होता, जेवता जेवता म्हणाला, "तुझा चेहरा मधल्या मजल्यावर अडकल्यासारखा का झालाय?" ती म्हणाली, "पोळी घ्या." बाहेरच्या खोलीतून मुंगीच्या आकडेमोडीची पुटपुट ऐकू येत होती.

बुधवारी सकाळी मावशी सगळ्यांच्या आधी पोचली. दहाही प्लेटा दिव्याखाली मांडल्या, भिंग घेतलं आणि एकेक ठिपका बघत गेली. आयुष्यभर तिने प्लेटा बघितल्या त्या, सगळं धड आहे ना, म्हणून. आज ती आजारी शोधत होती. एक तरी खुरटा निघू दे, एक तरी मरतुकडा. पहिल्या प्लेटवर सगळे टपोरे. दुसऱ्या, तिसऱ्या. सातव्या प्लेटवर एक बारीक दिसला तेव्हा तिने भिंग अगदी जवळ नेलं. तो हवेचा बुडबुडा होता. दहाव्या प्लेटचं झाकण तिने लावलं आणि स्टुलावर बसून राहिली. एकजात सगळे ठणठणीत होते.

"काय गं, प्लेटा कसल्या?" मुंगी दारात उभी होती.

"सहज. खाणं नीट झालंय का बघत होते."

मुंगीने प्लेटांकडे पाहिलं. दहा प्लेटा, सदतीसचं लेबल, मावशीच्या हातात भिंग. मग तिने ॲप्रन चढवला आणि म्हणाली, "पाणी गरम झालं का?"

बस, एवढंच. मावशीला वाटलं, वाचले. आणि लगेच वाटलं, हिने विचारलं का नाही? ही पोर तर साबण बदलला तरी दहा प्रश्न विचारते.

गुरुवारी सरांनी साठ्याची वही मागितली. पत्राला जोडायला नळ्यांचा इतिहास हवा होता. ती वही मावशीचीच, साठा हाती आल्यापासूनची, कोणती नळी कधी भरली, कशातून भरली, सगळं तिच्या गोलगरगरीत अक्षरात. तिने कपाटातून काढली आणि सरांकडे नेण्याआधी ते पान उघडलं. त्या रविवारी तिने काय लिहिलं होतं ते तिला शब्दन्शब्द आठवत होतं. इन्क्युबेटर बंद. सदतीसवर ठेवल्या. सगळ्यांत टपोरा ठिपका घेतला. तेव्हा लपवण्यासारखं काही वाटलंच नव्हतं, उलट जरा ऐटीतच लिहिलं होतं.

पान नव्हतं.

फाडलेलं नव्हतं, फाडलं असतं तर कडेला चिंध्या राहिल्या असत्या. शिवणीलगत पात्याने एका सरळ रेषेत कापलेलं होतं. अख्ख्या मजल्यावर एवढं सरळ कापणारा हात एकच होता. तो हात मावशीनेच धरून कापायला शिकवला होता, कागद नव्हे, प्रयोगातल्या लिबलिबीत जेलची चकती, पण शिकवलं होतं तिनेच.

मावशी कपाटाला टेकून खाली बसली. पोर लहानपणी चुकून दुसऱ्याचं खोडरबर घरी आलं तर रात्रभर झोपायची नाही. पान हिने कधी कापलं? काल? की पत्र आलं त्याच दिवशी? आणि कुणासाठी, स्वतःच्या प्रबंधासाठी की मावशीची मान वाचावी म्हणून? हा शेवटचा प्रश्न तिला विचारायचाच नव्हता, कारण दोन्ही उत्तरं तितकीच वाईट होती.

दिवसभर दोघी पाठीला पाठ लावून उभ्या राहिल्या. मुंगीने नमुने काढले, मावशीने नळ्या धुतल्या. एकदा मुंगीच्या हातून चंबू निसटून फुटला. दोघी वाकून काचा वेचू लागल्या. "लागलं का?" मावशीने विचारलं. "नाही," मुंगी म्हणाली, आणि तिच्या अंगठ्यातून रक्त येत होतं.

शुक्रवारी तीन वाजता सरांनी दोघींना खोलीत बोलावलं. टेबलावर पत्र छापून तयार होतं, बाजूला एक वेगळा कागद.

"बसा मावशी," सर म्हणाले. "एक छोटंसं काम. साठा तुमच्या ताब्यात असतो, म्हणून तुमची सही लागेल. मुंगीने मजकूर टाइप केलाय."

मावशीने कागद हातात घेतला. सध्याचा साठा मूळ नळीपासून तीस अंशांवर वाढवून, नेहमीच्या पद्धतीने तयार केला आहे. खाली तिचं नाव, त्याखाली रेघ.

"हे तू लिहिलंस?" तिने विचारलं.

मुंगी खिडकीकडे बघत होती. "नेहमीचंच आहे ते, मावशी. सगळ्या नळ्यांना तेच लिहितात."

"तीस अंशांवर?"

"कर ना गं सही. चारला पाठवायचंय."

"वहीतलं एक पान दिसत नाही," सर हळूच म्हणाले. ते मावशीकडे बघत नव्हते, मुंगीकडेही नाही. "जुन्या वह्या आहेत. पानं निसटतात. मी काही विचारत नाही."

तेव्हा मावशीच्या लक्षात आलं की सरांनाही ठाऊक आहे. इतकी वर्षं जिवाणूंमध्ये घालवलेला माणूस, त्याला गुबगुबीत ठिपके पाहून कळलं नसेल? कदाचित चहा पाजला त्याच दिवशी कुठेतरी टोचलं असेल. चार महिने राहिलेत त्यांचे.

"आता अक्षर वाचून आणलं तरी," सर कागदाशीच बोलल्यासारखं बोलले, "सोमवारी येणार. मुदत आज. तेव्हा त्यात काही अर्थ नाही."

"मावशी, प्लीज." मुंगीने पहिल्यांदा वळून पाहिलं. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, अंगठ्याला पट्टी. "माझी पाच वर्षं आहेत त्यात. तुझी पण आहेत. तुला काय वाटतं, मला कळत नाही? तू फक्त सही कर. पुढचं मी बघते."

पुढचं ती बघणार होती. म्हणजे आणखी एक पान, आणि मग आणखी एक. मावशीने पेन उचललं. बहिणीचा आवाज कानात होता, तिथे तिचं कोण आहे तुझ्याशिवाय. सही म्हणजे काय, बावीस वर्षांत हजार सह्या केल्या असतील. एक केली की नावापुढे डॉक्टर लागेल, मेहुणे बघतील, सर हार घालून घरी जातील, आणि ही पोर जन्मभर प्रत्येक नव्या पत्राला घाबरत जगेल.

तिने पेन खाली ठेवलं. मुंगीने तिच्या मनगटावर हात ठेवला, दाबला, नको, म्हणून. मावशीने तो हात आपल्या हातात घट्ट धरला आणि सरांकडे बघून म्हणाली,

"सर, दुसरं दारबिर काही नाही. पहिलंच दार दुरुस्त झालंय. लंगड्यांतला एक बरा झाला होता, तो मी सदतीसवर उचलला, माझ्या या हाताने, आणि साडेचार वर्षं आपण त्याचीच पोरंबाळं मोजत बसलोय."